वाचकांचे प्रश्न : नेपाळमधील पदभ्रमण आणि दिवसांचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीत नेपाळच्या डोंगरांत जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांची पत्रे दरवर्षी याच सुमारास येतात. त्यांपैकी पाच प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. पहिल्याचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सर्वाधिक पत्रांतून आला आहे.

प्रश्न : माझे वय ५२ असून गेली वीस वर्षे मी जवळजवळ दर रविवारी सह्याद्रीत भटकतो. राजगड ते तोरणा ही वाट मी आजही एका दिवसात पार करतो. एका पर्यटन कंपनीने ‘मुंबई ते मुंबई दहा दिवसांत एव्हरेस्ट बेस कॅम्प’ असा कार्यक्रम पाठवला आहे. माझा सराव पाहता एवढे दिवस पुरतील का? (एक वाचक, नाशिक)

पुरणार नाहीत, आणि याचा आपल्या सरावाशी काहीही संबंध नाही. आपले पाय, गुडघे आणि दम नक्कीच उत्तम असणार. परंतु महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटरवर संपते, तर या वाटेची सुरुवात ज्या लुक्लापासून होते तेच २,८०० मीटरच्या वर आहे. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणजेच प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही निम्म्याच्या आसपास असतो. या हवेशी जुळवून घेण्यासाठी शरीर श्वासाची गती वाढवते, त्यामुळे रक्तात होणारा बदल मूत्रपिंडे हळूहळू सावरतात, आणि या सगळ्याला जे दिवस लागतात ते कितीही व्यायाम केला तरी कमी होत नाहीत. उलट अनुभव असा आहे की, दमदार माणूसच अधिक अडचणीत येतो, कारण त्याचे पाय त्याला शरीराची तयारी होण्याआधीच वर नेऊन ठेवतात.

डोंगरी वैद्यकातील सर्वमान्य नियम असा आहे की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. म्हणून ३,४४० मीटरवरील नामचे बाजार आणि ४,४१० मीटरवरील डिंगबोचे येथे दोन-दोन रात्री राहण्याची पद्धत पडली आहे. या मधल्या दिवशी नुसते झोपून राहायचे नसते. दोन-चारशे मीटर वर चढून यायचे आणि रात्री पुन्हा खालीच निजायचे. अशा रीतीने लुक्ला ते लुक्ला अकरा-बारा दिवस होतात. त्याच्या आधी-नंतरचा काठमांडूचा प्रवास धरला आणि लुक्लाची विमाने हवामानामुळे रद्द होतात म्हणून दोन दिवस हाताशी ठेवले, तर मुंबईहून पंधरा-सोळा दिवसांपेक्षा कमी वेळात हा कार्यक्रम नीट बसत नाही. गर्दीच्या हंगामात ही विमाने बहुधा काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातील मंथली येथून सुटतात आणि त्यासाठी मध्यरात्रीनंतर निघून चार-पाच तासांचा घाटरस्ता पार करावा लागतो, हेही हिशेबात धरावे.

दहा दिवसांच्या कार्यक्रमात कात्री नेमकी या दोन-दोन रात्रींवर चालते. कंपनीकडून दर रात्रीच्या मुक्कामाची उंची लिहून मागवा आणि ते आकडे एकाखाली एक मांडून पाहा. मग माझ्या शब्दावर विसंबण्याची गरज उरणार नाही.

सुट्टी दहाच दिवसांची असेल, तर मी आपल्याला आग्रहाने लांगटांगचे खोरे सुचवीन. काठमांडूहून गाडीने एका दिवसात स्याब्रुबेसीला पोहोचता येते, त्यामुळे विमानाची टांगती तलवार नाही. तेथून ओढ्याकाठच्या दाट जंगलातून वर चढत ३,८७० मीटरवरील क्यांजिन गोम्पाला पोहोचेपर्यंत शरीराला पुरेसा अवधी मिळतो. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात कोसळलेल्या हिमखडकांच्या लोंढ्याखाली जुने लांगटांग गाव संपूर्ण गाडले गेले. वाचलेल्या कुटुंबांनी जवळच पुन्हा घरे उभारली आणि आज तीच मंडळी प्रवाशांना जेवण आणि निवारा देतात. दगडांच्या त्या विस्तीर्ण पसाऱ्यावरून वाट जाते, तेथे थोडा वेळ थांबा. एव्हरेस्टच्या वाटेवरील गर्दीत पळापळ करण्यापेक्षा या खोऱ्यात संथपणे घालवलेले आठ दिवस आपल्याला अधिक काही देतील, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : गेल्या वर्षी डिंगबोचे येथे माझ्या मित्राचे डोके दुखू लागताच वाटाड्याने हेलिकॉप्टर बोलावण्याचा आग्रह धरला. काठमांडूच्या रुग्णालयात त्याला काहीच झालेले नसल्याचे निघाले. हेलिकॉप्टर खरोखर केव्हा लागते? (एक वाचक, कोल्हापूर)

नेपाळी लोक या त्रासाला ‘लेक लागणे’ म्हणतात; लेक म्हणजे उंच डोंगर. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे आणि झोप न लागणे ही त्याची पहिली पायरी होय. या पायरीवर आणखी वर जायचे नाही, एवढेच पथ्य असते. तेथेच थांबले असता बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, बोलण्यात असंबद्धता येणे, किंवा टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता न येणे ही मात्र फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठू लागल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी रात्र असो वा बर्फ पडत असो, माणसाला सोबत देऊन ताबडतोब खाली उतरवले पाहिजे. हेलिकॉप्टर मिळाले तर उत्तमच, पण त्याची वाट पाहत बसणे घातक ठरू शकते.

गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकार नेपाळ सरकारच्या २०१८ मधील चौकशीत उघड झाले होते, त्यामुळे आपली शंका निराधार म्हणता येणार नाही. मात्र या शंकेपोटी खऱ्या लक्षणांकडे कोणी दुर्लक्ष करू नये. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही १९७३ मध्ये स्थापन झालेली संस्था हंगामात फेरिचे आणि मनांग येथे दवाखाने चालवते. डिंगबोचेहून फेरिचे पायी तासाभराच्या आतबाहेर आहे आणि तेथील डॉक्टरांचे मत कोणत्याही वाटाड्याच्या मतापेक्षा विश्वासार्ह असते. विमा घेताना तो किमान ६,००० मीटरपर्यंतच्या पदभ्रमणाला आणि हेलिकॉप्टरने हलवण्याला लागू आहे, हे वाचून घ्यावे.

डायमॉक्सच्या गोळ्यांबद्दल अनेकांनी विचारले आहे. या औषधाने शरीराची जुळवणी लवकर होण्यास मदत होते. परंतु सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी ते घेण्यापूर्वी, आणि खरे तर सर्वांनीच, आपल्या डॉक्टरांना विचारावे. गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळता येतो, असा अर्थ कोणीही काढू नये.

प्रश्न : आईचे वय ६८ आहे आणि मुक्तिनाथाचे दर्शन घ्यावे अशी तिची फार दिवसांची इच्छा आहे. आता वरपर्यंत जीप जाते असे ऐकतो. नेण्यास हरकत आहे का? (एक वाचिका, सातारा)

हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार नसेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल, तर अवश्य न्या. अडचण जीपच्या सोयीतूनच उद्भवते. पोखरा ८०० मीटरच्या आसपास आहे आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. पूर्वी पायी जाणाऱ्या यात्रेकरूला या चढाला आठवडा लागत असे, तो आता एका दिवसात संपतो. म्हणून जाताना मार्फा किंवा जोमसोम येथे, म्हणजे सुमारे २,७०० मीटरवर, दोन रात्री काढाव्यात, सकाळी वर जाऊन दर्शन घ्यावे आणि मुक्कामाला पुन्हा खाली यावे. मंदिरामागील १०८ धारांचे पाणी बर्फासारखे थंड असते. त्याखालून धावत स्नान करण्याची प्रथा आहे, पण आईंनी ते पाणी ओंजळीत घेऊन मस्तकी लावले तरी पुरे. विमानाने जोमसोमला जाणार असाल, तर काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारपूर्वीच जोराचा वारा सुटतो आणि उड्डाणे सकाळीच होतात, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे आणि अन्नपूर्णा परिसरात एकटीने फिरू इच्छिते. वाटाड्या घेणे सक्तीचे आहे का, आणि व्हिसा लागतो का? (एक वाचिका, पुणे)

भारतीयांना व्हिसा लागत नाही; विमानप्रवासासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे, प्रौढांसाठी आधार कार्डावर विसंबू नये. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळ पर्यटन मंडळाने परदेशी पदभ्रमंतांना परवानाधारक वाटाड्या सक्तीचा केला आहे. अन्नपूर्णा परिसर त्या नियमात येतो. स्त्री वाटाड्या हवी असल्यास पोखऱ्यात ती मिळते. तीन बहिणींनी १९९० च्या दशकात तेथे स्त्रियांना या कामाचे प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली आणि आज त्या वाटांवर अनेक स्त्रिया हा व्यवसाय करताना दिसतात.

प्रश्न : आमच्या गटात प्रत्येकाने आपली सॅक आपणच उचलायची असा दंडक आहे. नेपाळमध्ये हमाल घेणे आम्हाला कमीपणाचे वाटते. आमचे चुकते का? (एक वाचक, ठाणे)

सह्याद्रीतला हा दंडक चांगला आहे आणि तो तेथे जरूर पाळावा. पण ज्या खोऱ्यांत शेती अपुरी आहे, तेथे भरियाचे, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालाचे, काम हा कुटुंबाचा वर्षाचा आधार असतो आणि हंगाम अवघ्या काही महिन्यांचा. आपण ओझे दिल्याने त्याचा अपमान होत नाही. अपमान होतो तो ओझे देऊन त्याच्याकडे पाठ फिरवल्याने. या भरियांना सरसकट ‘शेर्पा’ म्हणू नये. शेर्पा हे एका समाजाचे नाव आहे, आणि ओझी वाहणाऱ्यांत राई, तामांग, मगर अशा अनेक समाजांचे लोक असतात. त्यांतील पुष्कळजण कमी उंचीच्या गावांतून आलेले असल्यामुळे त्यांनाही आपल्याइतकीच लेक लागते, ही गोष्ट फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते.

म्हणून कंपनी ठरवताना भरियाचा विमा आहे का, त्याची मजुरी किती आणि कोणाच्या हातात जाते, वर तो कोठे झोपतो, हे लेखी विचारा. दोघांत एक भरिया घेऊन प्रत्येकी दहा-बारा किलोच सामान द्या. पहिल्या सकाळी त्याच्या पायांतले बूट, अंगावरचे जाकीट आणि बर्फाचा चष्मा पाहून घ्या. काही कमी असेल तर काठमांडूच्या ‘कीप’ या संस्थेकडे भरियांसाठी कपड्यांची पेढी आहे, हे आपल्या वाटाड्याला सांगा. परत येताना चांगल्या स्थितीतील आपले गरम कपडे तेथे देताही येतील. आणि वाटेत तो आजारी पडला, तर हिशेब चुकता करून त्याला एकट्याला खाली धाडू देऊ नका. आपल्या गटातील माणसाला जशी सोबत द्याल तशीच त्याला द्या, आणि त्यासाठी एक दिवस मोडावा लागला तर तो मोडा.