तळातली ओळ काढायची की ठेवायची?

प्रश्न : ताई, आमचा नौपाड्यात घरगुती मसाल्यांचा आणि फराळाचा व्यवसाय आहे. पुतण्याने वर्डप्रेसवर वेबसाइट करून दिली. पानाच्या तळाशी वर्डप्रेसचं आणि थीम करणाऱ्याचं नाव येतं, आणि दुकानाच्या नकाशाच्या कोपऱ्यात ‘ओपनस्ट्रीटमॅप’ अशी बारीक ओळ. आमची ही म्हणते, आपल्या दुकानात दुसऱ्याची पाटी कशाला? पुतण्या म्हणतो, काढलं तर नोटीस येईल. खरं काय?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काका, तळाच्या ओळीपुरतं काकूंचं बरोबर आणि नकाशापुरतं पुतण्याचं.

वर्डप्रेस, म्हणजे साइट बांधायचा प्रोग्रॅम, २००३ पासून जीपीएल नावाच्या खुल्या परवान्यावर मिळतं. वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. फक्त देताना मूळ लेखकांच्या कॉपीराइटच्या नोंदी आणि तोच परवाना सोबत जाऊ द्या, एवढं तो मागतो. या नोंदी फाइलींच्या पोटात असतात. तळाला दिसते ती ओळ म्हणजे नुसती ओळख, ती खुशाल काढा. थीमचं, म्हणजे साइटच्या तयार रूपड्याचं, मात्र आधी बघून घ्या. पुतण्याला थीमची ‘स्टाइल डॉट सीएसएस’ ही फाइल उघडायला सांगा. अगदी वरच थीमचं नाव, लेखक आणि लायसन्स लिहिलेलं असतं. तिथे जीपीएल असेल तर सहसा प्रश्न मिटला. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स बाय’ हा परवाना असेल तर नाव ठेवणं हीच अट. खोडाखोड चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बेतलेल्या वेगळ्या थीममध्ये, करा, नाहीतर पुढच्या अपडेटला ओळ परत हजर.

थीम कुठून आणली तेही विचारा. वाशीच्या एका गिऱ्हाइकाची साइट माझ्याकडे आली होती, कुठूनशी फुकट उतरवलेल्या थीमची. फुटरच्या, म्हणजे तळाच्या पट्टीच्या, फाइलीत चार-पाच ओळी भरून अगम्य अक्षरं. उलगडून बघितली तर आत जुगाराच्या साइटची लिंक! ती काढली तर सगळं पान कोरं; लिंक जागेवर आहे का, हे थीम स्वतःच तपासत होती. अख्खी थीमच फेकून दिली. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातल्या प्लगिनना (साइटला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमना) असला आगाऊपणा चालत नाही. मालकाने हो म्हटल्याशिवाय साइटवर स्वतःचं नाव झळकवायचं नाही, असा तिथला नियमच आहे.

एक जागा पुतण्याच्याही लक्षात आली नसेल. नुसती साइट चालवणं म्हणजे प्रोग्रॅमची प्रत वाटणं नव्हे. पण ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडची फाइल, उदाहरणार्थ जेक्वेरी, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये उतरते, म्हणजे प्रत वाटलीच गेली. जेक्वेरीचा एमआयटी परवाना अगदी सैल, पण कॉपीराइटची नोंद काढू देत नाही. फाइलीच्या सुरुवातीला तिरकी रेघ, तारका आणि लगेच उद्गारचिन्ह दिसेल. ते उद्गारचिन्ह म्हणजे फाइल आवळून लहान करणाऱ्या साधनांना खूण, की कोडमधल्या बाकी टिपा (कॉमेंट) उडवा, हिला हात लावू नका. साइट फास्ट करण्याच्या नादात पुतण्याने तीही उडवली असेल तर परत आणायला सांगा. पानावर ती कुणाला दिसत नाही, त्यामुळे काकूंचीही हरकत नसावी.

आता नकाशा. इथे मी स्वतः चुकले आहे. नेरुळच्या एका डॉक्टरांच्या साइटवर मोबाइलवर गिचमिड दिसते म्हणून मी ती ओळ बंद करून टाकली. काही महिन्यांनी एका गृहस्थांची मेल आली. अगदी सौम्य. ‘तुमच्या नकाशातली मागची गल्ली मी रविवारी पायी फिरून काढली आहे, ओळ परत लावाल का?’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओपनस्ट्रीटमॅप हा जगाचा नकाशा २००४ पासून अशाच लोकांनी भरला आहे. त्याची माहिती २०१२ पासून ज्या परवान्यावर मिळते, त्यात श्रेय देणं बंधनकारक आहे. ते नकाशावर दिसलं पाहिजे, आणि त्यावरून त्यांच्या कॉपीराइटच्या पानावर जाता आलं पाहिजे.

पुतण्याने नकाशा लीफलेट या नकाशा दाखवणाऱ्या कोडने लावला असेल तर त्याच ओळीच्या सुरुवातीला ‘लीफलेट’ हा शब्द असेल. तो हवा तर काढा, त्याची नोंद फाइलीत असतेच. उरलेली ओळ ऑर्डरच्या बटणाखाली दबत असेल तर उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात न्या, एका शब्दाचं काम आहे.