विचारा की! : पोरगा साओ बर्नार्डोला चाललाय

प्रश्न : माझा मुलगा चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत आहे. कंपनी त्याला आठ महिन्यांसाठी ब्राझीलला पाठवतेय. तो सगळ्यांना साओ पाउलो म्हणून सांगतो पण लेटरवर साओ बर्नार्डो दो काम्पो असं लिहिलंय. हे गाव आहे की नुसती एमआयडीसी? आणि राहायला बरं आहे ना?
— एक आई, चिंचवड

ताई, चिंचवडला राहून हा प्रश्न विचारताय, म्हणजे अर्धं उत्तर तुमच्या खिडकीतूनच दिसतंय! चिंचवड गाव की एमआयडीसी, हे तुम्ही एका वाक्यात सांगू शकाल का? तसंच आहे ते. साओ पाउलो महानगराला लागून पण नगरपालिका वेगळी, मेयर वेगळा, २०२२ च्या जनगणनेत लोकवस्ती ८ लाख १० हजारांच्या वर. मुलगा साओ पाउलो सांगतो ते खोटं नाही, पुण्याबाहेर गेल्यावर पिंपरीवाला पण पुणेच सांगतो.

आता हे गाव तिथेच का वाढलं, ते बघा. सांतोस हे बंदर खाली समुद्राला, साओ पाउलो वर पठारावर, आणि मध्ये सेरा दो मार नावाचा उभा घाट. म्हणजे मुंबई, खंडाळा, पुणे असंच समजा, आणि साओ बर्नार्डो घाट चढून वर आलं की लगेच. गंमत म्हणजे १८६७ ची जुनी रेल्वे शेजारच्या सांतो आंद्रे आणि साओ काएतानोमधून गेली, ह्यांच्या गावाला स्टेशनच नाही, त्यामुळे हे बरीच वर्षं मागेच राहिलं, फर्निचरवाल्यांचं गाव म्हणून लोक ओळखायचे (जुरुबातुबा रस्त्यावर फर्निचरची दुकानं अजून आहेत). मग १९४७ मध्ये साओ पाउलो ते सांतोस असा आंशिएता हायवे ह्या गावातून सुरू झाला आणि सगळा नूरच पालटला. रेल्वेच्या जमान्यात मागे पडलेल्या गावाला रस्त्याने वर काढलं, आणि त्याच रस्त्याच्या कडेला मोटारीचे कारखाने आले, १९५६ ला मर्सिडीज, मग फोक्सवॅगन, १९६२ ला स्कॅनिया आणि टोयोटा. ह्यातली दोन नावं तर चाकणच्या गेटवर पण वाचलेली असतील तुम्ही.

राहायचं म्हणाल तर गावाचा अर्ध्याहून जास्त भाग पाणलोट म्हणून राखीव आहे, बिलिंग्स नावाचा मोठा तलाव आणि भोवती जंगल. ह्या तलावाचं पाणी घाटाखाली सोडून कुबातांवला वीज करायची अशी मूळ आयडिया, अगदी आपल्या लोणावळा-खोपोलीचा प्रकार. तलावापलीकडे पण वस्ती आहे आणि तिथली माणसं गाडीसकट फेरीबोटीने येतात जातात, कारखान्यांच्या गावात हे बघून नवख्याला जरा चक्रावल्यासारखंच होतं. घाटमाथ्याचं धुकं असतं, आणि जून-जुलै तिकडे थंडीचे, तेव्हा स्वेटर द्या बरोबर. मेट्रो नाहीये गावात, विजेच्या तारेवर चालणारी ट्रॉलीबस आहे, ती साओ पाउलोच्या मेट्रोला नेऊन सोडते. आणि मोठ्या शहरात घ्यायची ती काळजी घ्यायचीच, रस्त्यात फोन हातात धरून उभं राहायचं नाही, एवढं त्याला दटावून सांगा.

प्रश्न : ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला ह्याच साओ बर्नार्डोचे ना? आम्ही युनियनमध्ये ३० वर्षं काढली, तेव्हा नाव ऐकलं होतं.
— एक निवृत्त कामगार, नाशिक

काका, जन्म ईशान्येकडे पेर्नाम्बुकोत, पण घडले ते इथेच. लेथ मशीनवर काम करायचे, डाव्या हाताची करंगळी कारखान्यातच गेली. १९७५ ला इथल्या मेटल कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष झाले. तेव्हा लष्करी राजवट होती आणि संप म्हणजे थेट गुन्हा. तरी मे १९७८ ला स्कॅनियातले कामगार नेहमीसारखे आत गेले, कार्ड पंच केलं आणि मशीन चालूच केली नाही, हाताची घडी घालून उभे! मग लोण पसरत गेलं.

पण मला विचाराल तर खरा प्रसंग पुढच्या वर्षीचा, मार्च १९७९. विला युक्लिदेसच्या मैदानावर हजारो कामगार जमलेले, आणि धड स्टेज नाही, माईक नाही. लुला टेबलावर चढून एकेक वाक्य बोलायचे, पुढच्या रांगा ते मोठ्याने मागच्यांना सांगायच्या, ते त्यांच्या मागच्यांना, असं करत भाषण मैदानाच्या टोकापर्यंत पोचायचं. तुम्ही गेट मीटिंगा केल्यात, तुम्हाला कळेल ह्यात काय मजा आहे ते. १९८० चा संप ४१ दिवस चालला, लुलांना महिनाभर आत टाकलं. १९८३ ला सीयूटी ही देशव्यापी कामगार संघटना पण ह्याच गावात स्थापन झाली, तीही वेरा क्रूझच्या शेडमध्ये. वेरा क्रूझ म्हणजे १९४९ चा भलामोठा फिल्म स्टुडिओ, हॉलिवूडसारखं करायला गेले आणि पाच वर्षांत बसले, शेड मात्र उरली. २०१८ ला अटक व्हायच्या आधी दोन दिवस लुला ह्याच युनियनच्या बिल्डिंगमध्ये होते, आणि २०२३ पासून परत राष्ट्राध्यक्ष.

प्रश्न : जुन्या बीटल गाड्या तिकडे अजून बनतात असं ग्रुपवर आलंय. खरंय का?
— गाडीवेडा, कोल्हापूर

नाही रे बाबा, ग्रुपवर काहीही येतं. तिकडे बीटलला फुस्का म्हणतात. १९५९ पासून साओ बर्नार्डोत बनायची, १९८६ ला बंद केली, मग १९९३ ला राष्ट्राध्यक्ष इतामार फ्रांको हट्टाला पेटले की स्वस्त गाडी म्हणून परत काढा, काढली, १९९६ ला कायमची बंद. फोक्सवॅगनचीच कोंबी व्हॅन मात्र १९५७ पासून डिसेंबर २०१३ पर्यंत निघत होती! २०१४ पासून एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले, त्या जुन्या खोक्यात ते बसवणार कुठे, म्हणून गेली. फोक्सवॅगनचा कारखाना चालू आहे, पण फोर्डने २०१९ ला आणि टोयोटाने २०२३ ला इथलं शटर ओढलं. टोयोटाची तर जपानबाहेरची पहिली फॅक्टरी होती ती, त्यामुळे गावाला लागलंच.

प्रश्न : चिंचवडचीच परत. तो पूर्ण शाकाहारी आहे हो, खाणार काय?

ताई, इथे खरी पंचाईत आहे. डेमार्की भागातली इटालियन घराण्यांची हॉटेलं प्रसिद्ध आहेत, त्यांची खासियत कोंबडी आणि पोलेंटा. पोलेंटा म्हणजे मक्याचं पीठ शिजवून, थापून, वड्या तळायच्या, कोथिंबीर वडीची चुलत बहीण, ती खाऊ दे त्याला. भात आणि घेवड्याची उसळ रोज मिळते पण त्यात कधी डुकराचा तुकडा टाकलेला असतो, विचारूनच घ्यायची. आणि नुसतं ‘सें कार्नी’ म्हणजे मांस नको म्हटलं तर चिकन किंवा हॅम आणून ठेवतील, त्यांच्या डोक्यात कार्नी म्हणजे मुख्यतः बीफ. एकेक नाव घेऊन नाही म्हणायचं. गोडा मसाला आणि कुकर द्या, बाकी तो शिकेल.

प्रश्न : पोर्तुगीज येत नसेल तर अडतं का? आमच्याकडचे काही शब्द चालतील का?
— सावंतवाडी

अडतं, इंग्रजीवर रस्त्यात काम होत नाही. पण बटाटा तिथे पण बटाटाच. चावीला शावी म्हणायचं. पगार तिकडे क्रियापद, म्हणजे पैसे देणे, दुकानात ‘पगार’ ऐकू आलं तर आनंदू नका, तुम्हालाच द्यायचेत. काजू तर मुळात तिकडचाच, नाव पण काजूच, फक्त त्यांना बीपेक्षा बोंडूचं कौतुक, बोंडूचा रस सगळीकडे मिळतो. तुमच्याकडे बोंडू कुजून जातात हे मात्र तिथे कुणाला सांगू नका.