अर्धा इंच

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया

प्रिय मुली,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

बाप्तिस्म्याचा वर्ग संपत आला आणि तुझा जीव अडकलाय तो बाही मनगटापर्यंत हवी, या आपल्या मेनोनाइट मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ठरावात. ‘देवाला माझ्या मनगटाशी काय करायचंय?’ असं विचारलंस, त्याचा मला राग नाही आला. काहीच न विचारता वचन देऊन बसणाऱ्या मुलींची मला जास्त काळजी वाटते.

प्रार्थना करताना स्त्रीनं डोकं झाकावं, हे प्रेषित पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात आहे. ते शास्त्र. पण टोपी केवढी, तिला बंद असावेत की नसावेत, हे कुठल्याच अध्यायात नाही. ते मंडळीनं ठरवलंय, आणि शेजारची मंडळी वेगळं ठरवते. आमिश पंथाच्या बायका केप, म्हणजे खांद्यांवरून छातीवर येणारं कापड, टाचण्यांनी लावतात, आपला केप ड्रेसलाच शिवलेला असतो. म्हणून त्यांच्यापेक्षा आपण देवाच्या जवळ, असं मी कधीच म्हणणार नाही. मंडळीच्या ठरावाला कुणी देवाची आज्ञा म्हणू लागलं, तर तूही मान डोलावू नकोस.

मग ठराव पाळायचाच कशाला? माझंच सांगते. मी 19 वर्षांची असताना दर नवी टोपी अर्धा इंच लहान कापायची. होता होता ती कानांवरून सरकत अंबाड्यापाशी गेली. कुणी टोकलं की म्हणायची, ‘धुण्यात कापड आटलं.’ एकदा इस्त्री करताना जुनी टोपी नवीच्या शेजारी ठेवली गेली. लाज वाटली ती मापाची नाही गं, त्या आटलेल्या कापडाची. पुढे एका वडीलधाऱ्यांनी चारचौघांत माझ्या बहिणीची बाही मोजली. तेही वाईटच होतं, आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं.

झुरिकमध्ये 1525 साली आपल्या लोकांनी तान्हेपणीचा बाप्तिस्मा नाकारून मोठेपणी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. त्यापायी दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला लिमाट नदीत बुडवून मारलं. दुसऱ्यानं ठरवून दिलेला विश्वास त्यांना नको होता. त्यांच्याच मंडळीत तुला कुणी ढकलून पाण्यापाशी नेत असेल, तर तू थांब. बाप्तिस्मा सहा महिने पुढे गेला तर काही बिघडत नाही. पण एकदा ‘हो’ म्हणालीस, की गुपचूप कात्री चालवू नकोस. प्रभुभोजनाआधी आपली सभा बसते, देवाशी आणि मंडळीशी शांती आहे का, असं प्रत्येकाला विचारतात. तिथे सरळ सांग, ‘ही बाही मला पटत नाही.’ मी शेजारीच बसलेली असेन. ठराव बदलतात, माझ्या डोळ्यांदेखत बदललेत. बदलेपर्यंत मात्र बाही पुरी ठेव. आणि गावातली जीन्स घातलेली मुलगी दिसली, तर तिच्या विश्वासाचं माप काढू नकोस. रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय आज रात्री सावकाश वाच.

शनिवारी ये. नव्या टोप्यांचं कापड बेतायचंय, एकटीनं सरळ कापलं जात नाही आता.

तुझी,
मावशी