जपानी लोक इंग्रजी क्रियापदांत अडकतात ते पुस्तकी व्याकरणामुळे का?

बऱ्यापैकी हो. शाळेत सरळ समीकरण घोकून घेतात की इंग्रजीतलं आयएनजी म्हणजे जपानीतलं 'ते इरु', आणि घोळ तिथेच होतो, कारण 'ते इरु' चालू क्रियेलाही लागतं आणि क्रिया होऊन गेल्यावर जी स्थिती उरते तिलाही. 'ताबेते इरु' म्हणजे खातोय, इथवर ठीक, पण 'शिन्दे इरु' (आडनावाचा काही संबंध नाही हां) म्हणजे मरतोय नाही, मेलाय! मग 'द डॉग इज डाइंग' वाचून पोरगं कुत्र्याला आधीच पोचवून मोकळं. तसंच 'शित्ते इरु' म्हणजे माहितीये, त्याचं होतं 'आय ॲम नोइंग'. हसू नका, 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणणारे आपल्याकडे पण ढिगाने आहेत. तरी मराठीत मरतोय आणि मेलाय वेगळे आहेत, तेवढं आपलं सोपं.