एच-४ वर निघालेल्या बहिणीसाठी: छळ झालाच तर कायद्याचा आधार कुठला?

खानापूरच्या ताईंचा प्रश्न असा: धाकटी बहीण एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या एच-१बी व्हिसावाल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, अमेरिकेत नवऱ्याकडे चालली आहे. तिथे त्याने मारहाण केली, तर तिला कायद्याने काही आधार आहे का?

ताई, आधार आहे. पण कुठला, ते नवऱ्याच्या स्टेटसवर ठरतं. तो नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल, तर पत्नी त्याला न कळवता स्वतः आय-३६० (छळ झालेल्या पत्नीचा ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज) भरू शकते. या अर्जाला फी नाही. एच-१बी वाल्याच्या बायकोला हा अर्ज चालत नाही, तरी पैसे घेऊन तो भरून देणारे भेटतात.

तिच्यासाठी आय-७६५व्ही हा अर्ज आहे. त्यावर फक्त कामाचा परवाना मिळतो, स्वतंत्र स्टेटस नाही. लग्नाचा, नवऱ्याच्या व्हिसाचा आणि छळाचा पुरावा लागतो. घटस्फोट झाला की एच-४ संपतं, म्हणून त्याच्या कागदांवर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटायलाच हवं.

दुसरा मार्ग यू व्हिसाचा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या व्हिसाचा, अर्ज आय-९१८. घरगुती हिंसा त्यात बसते. मात्र तपासात सहकार्य केल्याचं पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीशांनी त्या अर्जाच्या पुरवणी-बी वर सही करून द्यावं लागतं, आणि सही झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज पोचावा लागतो. तारीख उलटली की पुन्हा सही. वर्षाला १०,००० च मुख्य अर्जदारांना तो मिळतो, त्यामुळे रांग अनेक वर्षांची आहे.

निघण्याआधी बेळगावातच कागद नीट करा. लग्नाचा दाखला कन्नडमध्ये असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं. ते अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं. नोटरी लागत नाही. जुन्या कागदांवर ‘बेलगाम’ आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्यांवर ‘बेळगावी’ असेल, तर नाव बदलल्याची एक ओळ जोडा. व्हिसा मुलाखतीला नेलेली आय-७९७ ची (नवऱ्याच्या एच-१बी मंजुरीच्या पत्राची) झेरॉक्स टाकून देऊ नका. पुढे नवऱ्याच्या एच-१बीचा पुरावा तोच. सगळ्याचे स्कॅन नवऱ्याला पासवर्ड माहीत नसलेल्या ईमेलवर ठेवा, एक संच माहेरी.

मारहाण झाली तर पोलिसांसाठी ९११. सल्ल्यासाठी घरगुती हिंसेची राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, चोवीस तास. दुभाषी मराठीच मागायचा. नवऱ्याला किंवा सासरच्यांना मध्ये बोलू देऊ नये. पोलीस रिपोर्टचा नंबर लिहून घ्यावा. इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही, पण मोफत मदत करणाऱ्या संस्थांची यादी न्याय खातं प्रसिद्ध करतं. बेळगावच्या कोर्टाबाहेर नोटरी वकीलच असतो. तिथे तसं नाही, त्याच्याकडून अर्ज भरून घेऊ नये.

आणि ‘चार दिवस माहेरी सोडतो’ म्हणून तिकीट काढलं, तर पासपोर्ट तिच्याच हातात असू दे. बायकोला इकडे सोडून पासपोर्ट घेऊन परत जाणारे नवरे आहेत. तसं झालंच, तर यू व्हिसाचा अर्ज भारतातूनही करता येतो, आणि मुलांच्या ताब्याच्या सुनावणीसाठी मानवतेच्या कारणावरून तात्पुरत्या प्रवेशाची परवानगी मागता येते.