आधी नोटीस, मग बोलणी

अगं,

इंग्लंडमधल्या तुझ्या फ्लॅटचं लीज फ्रीहोल्डरकडून, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाकडून, वाढवून घेण्याबद्दलच्या तुझ्या मेलमधलं एक वाक्य मला फार खटकलं: “आधी फ्रीहोल्डरशी बोलून बघते, नाही जमलं तर नोटीस देईन.” हे उलटं कर. आधी कायद्याने लीज वाढवून मागणारी नोटीस, मग बोलणी.

मुळात तुझी मोजणी चुकली आहे. लीजवर सही २०१० ची म्हणून मुदत तू तिथून धरलीस. तू पाठवलेल्या प्रतीतच मुदतीचं कलम वाच: २९ सप्टेंबर २००८ पासून ९९ वर्षं. म्हणजे सप्टेंबर २०२७ ला तुझी फक्त ८० वर्षं उरतात. इंग्लंडमध्ये सगळा खेळ या आकड्याचा आहे. ८० हून जास्त वर्षं शिल्लक असताना नोटीस गेली तर मॅरेज व्हॅल्यू, म्हणजे लीज वाढवल्याने तुम्हा दोघांच्या हक्कांची एकत्रित किंमत जेवढी वाढते ती, शून्य धरतात. त्यानंतर गेली तर तिचा अर्धा वाटा फ्रीहोल्डरला. आणि बघितली जाते ती नोटीस दिल्याची तारीख, सौदा पटल्याची नव्हे.

हिशेब करून बघ. लीज वाढवल्यावर फ्लॅट ४,००,००० पौंडांचा धरू. ८० वर्षांनी तो फ्रीहोल्डरकडे परत जाण्याची आजची किंमत, ५ टक्के दराने, साधारण ८,०००. वर्षाला २५० पौंड ग्राउंड रेंट (फ्रीहोल्डरला द्यायचं जमिनीचं भाडं) बुडण्याची भरपाई, ६ टक्क्यांनी, ४,००० च्या आसपास. झाले १२,०००. आता ८० वर्षांची रेषा ओलांडलीस आणि न वाढवलेल्या फ्लॅटची किंमत ३,७५,००० ठरली, तर २५,००० च्या फरकातून हे १२,००० वजा जाऊन १३,००० उरतात. त्यातले साडेसहा हजार जास्तीचे, तेही केवळ उशीर केल्याबद्दल.

फ्रीहोल्डरच्या एजंटचं पत्र गोड आहे, मान्य. नोटिशीशिवाय १२५ वर्षांचं लीज, प्रीमियमही (लीज वाढवण्याची रक्कम) कमी. पण २५० पौंडांचा ग्राउंड रेंट जुनी मुदत संपेपर्यंत, म्हणजे २१०७ पर्यंत, चालूच राहणार हे तिसऱ्या पानावर आहे. जून २०२२ नंतरही कायदा त्यांना तेवढं करू देतो. १९९३ च्या कायद्याने, म्हणजे नोटीस देऊन, गेलीस तर उरलेल्या मुदतीत ९० वर्षं वाढतात आणि ग्राउंड रेंट लगेच शून्यावर येतो. शिवाय तोंडी कबुलीतून ते कधीही मागे फिरू शकतात. “व्हॅल्युएशन चालू आहे, थोडं थांबा” म्हणत त्यांनी वर्ष घालवलं तरी तुझ्या हातात काही नसतं.

इतकं ताणू नये, माणसं चांगली असतात, असं मला नेहमी ऐकवलं जातं. असतीलही चांगली! नोटीस म्हणजे भांडण नव्हे. तारीख गोठते, बोलणी चालूच राहतात. मी हट्टी वाटते तर वाटू दे, या बाबतीत मी हटणार नाही.

२०२४ च्या कायद्याची वाट बघू का, असंही विचारलंयस. त्यात ९९० वर्षं आहेत, मॅरेज व्हॅल्यू रद्द आहे, पण मी हे लिहिताना ती कलमं लागू झालेली नाहीत. ९० वर्षं शिल्लक असती तर थांब म्हटलं असतं. तू काठावर आहेस.

दोन वर्षं मालकी हवी ही अट ३१ जानेवारी २०२५ ला गेली, तेव्हा ती सबब नको. आधी व्हॅल्युअर (किंमत ठरवणारा तज्ज्ञ) गाठ, तोही लीज वाढवण्याचीच कामं करणारा. त्याच्याकडून आकडा घेतल्यावर सॉलिसिटरकडून १९९३ च्या कायद्यातल्या कलम ४२ ची नोटीस. त्यात हास्यास्पद कमी रक्कम लिहू नकोस, नोटीसच बाद ठरू शकते. नाव कोणाचं घालायचं हे लँड रजिस्ट्रीतून तपास. मध्ये हेड लीज (फ्रीहोल्डर आणि तुझ्यामध्ये आणखी कुणाचं लीज) असेल तर नोटीस कुणावर बजावायची हे बदलू शकतं. फ्रीहोल्डर डिपॉझिट मागू शकतो: लिहिलेल्या रकमेच्या १० टक्के किंवा २५० पौंड, जे जास्त असेल ते. त्याच्या व्हॅल्युअरचा आणि वकिलाचा वाजवी खर्चही तुझ्याच माथी, तो आत्ताच बाजूला काढ. नोटीस गेली की तिची नोंद लँड रजिस्ट्रीत फ्रीहोल्डच्या टायटलवर (मालकीच्या नोंदीवर) करून घे, म्हणजे उद्या इमारत विकली गेली तरी नवा मालक बांधील राहतो.

उत्तराला त्यांना किमान दोन महिने द्यावे लागतात. काउंटर नोटीस (त्यांचं लेखी उत्तर) आली की दोन महिने बोलणी, मग ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज. तो अर्ज काउंटर नोटीसपासून सहा महिन्यांच्या आत गेलाच पाहिजे. बोलणी रंगात आली म्हणून ती तारीख चुकवलीस तर नोटीस मागे घेतल्यासारखी धरतात आणि नवी द्यायला बारा महिने थांबावं लागतं. तोवर तू ८० च्या खाली गेलेली असशील.