पिकअपचं पुढचं चाक ब्रेक सोडल्यावरही धरून राहतं. अख्खा कॅलिपर बदलावा का?

लगेच बदलू नका, भाऊ. (कॅलिपर म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग.) पुढचं डावं चाक तापतंय, जळका वास येतोय, गाडी डावीकडे ओढतेय आणि मेस्त्री नवा कॅलिपर टाका म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. कॅलिपर खराब असेलही. पण चाक धरायची कारणं बरीच आहेत. त्यातलं नेमकं कोणतं हे न बघता नवा कॅलिपर टाकला, तर पैसे जातात आणि चाक तापायचं थांबत नाही. मी बीडकडे पिकअप आणि छोट्या मालगाड्यांचीच कामं करतो, म्हणून सविस्तर लिहितो. (मोठ्या ट्रकला बहुतेक एअर ब्रेक आणि ड्रम असतात. तिथलं काम वेगळं, ते इथे लागू नाही.)

आधी तपासणी. गाडी सपाट जागेवर घ्या, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, पुढचं चाक जॅकवर उचला आणि चेसिसखाली स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकवर हात आत घालू नका. इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये, दुसऱ्याला ब्रेक तीन-चारदा जोरात दाबून सोडायला सांगा. मग इंजिन बंद करून चाक हाताने फिरवा. जाम असेल तर कॅलिपरवरचं निप्पल (ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) थोडं ढिलं करा. सगळं निदान इथेच होतं. निप्पल उघडताच ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं, तर आत प्रेशर अडकलं होतं. म्हणजे दोष होज पाइपमध्ये (कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी पाइप) किंवा वर मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ऑइलला प्रेशर देणारा भाग). उघडूनही चाक जामच राहिलं, तर पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) किंवा पिस्टन (पॅड दाबणारा दट्ट्या) अडकलाय.

होज पाइपकडे कोणी बघतच नाही, कारण तो बाहेरून चांगला दिसतो. जुना झाला की आतलं रबर फुगतं, त्याचा पापुद्रा सुटतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत यायला तेवढा जोर नसतो, म्हणून ते कॅलिपरमध्येच अडकतं. खात्री करायची असेल तर निप्पल बंद करून ब्रेक पुन्हा दाबा, चाक जाम करा आणि आता होजच्या वरचा, लोखंडी पाइपचा नट ढिला करा. चाक सुटलं तर होज ठीक, दोष वर. सुटलं नाही तर होज बदला. दोन्ही पुढची चाकं धरत असतील तर पेडलला थोडी मोकळी चाल आहे का तेही बघा. चाल नसेल तर मास्टर सिलिंडर पूर्ण मागे येत नाही आणि प्रेशर सुटत नाही.

आपल्याकडे मात्र सगळ्यात जास्त सापडतात त्या अडकलेल्या पिना, आणि त्याला कारण आपली काळी माती. पावसात शेतरस्त्याने गाडी गेली की चिखल चाकाच्या आत गच्च बसतो, वाळून कडक होतो आणि पिनेचं रबरी बूट फाडतो. मग पाणी आत जातं, पिन गंजते, कॅलिपर सरकायचा थांबतो. आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जाड दिसला, की पहिला संशय पिनेवर घ्या. पिना बाहेर काढा, गंज काढा, भोकही साफ करा, नवे बूट घाला आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा धरते. पिनेला खड्डे पडले असतील तर पिन नवीच घ्या.

पिन मोकळी असूनही पिस्टन मागे जात नसेल तर किट (नव्या रबरी सीलचा संच) टाकावं लागेल. पिस्टनभोवतीचं चौकोनी रबरी सीलच ब्रेक सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढतं. ते कडक झालं किंवा पिस्टनवर गंज आला की पिस्टन जागीच राहतो. हवेने पिस्टन काढताना समोर लाकडाचा तुकडा ठेवा, हवा अगदी थोडी द्या आणि बोटं लांब ठेवा, तो गोळीसारखा सुटतो. धुवायला ब्रेक ऑइल किंवा ब्रेक क्लीनरच वापरा, पेट्रोल-डिझेल नको. पिस्टनवर किंवा बोअरमध्ये (पिस्टन बसतो त्या भोकात) खड्डे दिसले, तर मात्र तुमच्या मेस्त्रीचं बरोबर, कॅलिपर बदला. काम चालू असताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

डिस्क निळी पडली किंवा तडकली असेल, पॅड जळून चकचकीत झाले असतील, तर तेही बदला. पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच टाका, नाहीतर गाडी पुन्हा ओढेल. त्या चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस वितळलं का तेही उघडून बघा.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच भरा. ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावं. कोरं डॉट ३ ग्रेडचं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती मर्यादा १४० पर्यंत उतरते. चाक धरलेलं, ऑइल जुनं, गाडीत माल आणि समोर मांजरसुंब्याचा उतार, अशात ऑइल उकळून वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणून काळजीने सांगतो, तपासणी होईपर्यंत माल भरून घाट उतरू नका. रस्त्यात चाक तापलं तर थांबून आपोआप निवू द्या. पाणी ओतलं की डिस्क वाकडी होते किंवा तडकते.

काम झाल्यावर ब्रेकच्या पाइपांतली एअर काढा, पेडल कडक लागतंय याची खात्री करा आणि पाच-सहा किलोमीटर रिकामी गाडी चालवून आणा. डिस्कला हात न लावता दोन्ही चाकांजवळ हात धरून बघा, ऊब सारखी यायला हवी. डावं तरीही जास्त तापलं, तर निप्पल उघडल्यावर चाक सुटलं होतं की नाही आणि दोन्ही पॅड सारखे झिजलेत का, एवढं खाली लिहा. त्यावरून पुढचं सांगतो.